‘फोनवर सांगितलं होतं’ म्हणजे नोटीस नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मे-जून हा आमच्याकडे बदल्यांचा आणि बिऱ्हाडं हलवण्याचा हंगाम. बँकेतले, शाळेतले, लोट्याच्या एमआयडीसीतले भाडेकरू पावसाच्या तोंडावर टेम्पोत सामान भरतात आणि त्यातल्या अनेकांचं डिपॉझिट मालकाकडे अडकतं. मी ३४ वर्षं पोस्टात होतो, शेवटची बारा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका उपडाकघरात. भांडण झाल्यावर नोटीस घेऊन काउंटरवर येणारे खूप पाहिले. भांडणाआधी येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

आणि तरीही माझा सख्खा भाचा फसला. तो चिपळूणला ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहत होता. मालक डोंबिवलीचे. मार्चच्या शेवटी त्याने मालकांना फोन केला, ‘काका, एप्रिलअखेर खोली सोडतोय.’ काका म्हणाले, ‘अरे सोड की! मी मे महिन्यात आंब्याला येणारच आहे, तेव्हा हिशोब करू.’ भाच्याने ३० एप्रिलला कुलूप लावलं, चावी शेजारच्या काकूंकडे दिली आणि निघाला. काका आले २५ मे रोजी. करार काढून त्यांनी एका कलमावर बोट ठेवलं : एक महिन्याची लेखी नोटीस. शिवाय ताबा आपल्याला आज मिळाला, म्हणून मे महिन्याचं भाडंही धरलं. वीस हजारांतले चौदा हजार गेले. मालक काही लबाड नव्हते, कलमही खरं होतं. भाच्याकडे दाखवायला फोनमधली कॉलची नोंद तेवढी होती, आणि त्या कॉलमध्ये काय बोलणं झालं ते नोंद सांगत नाही.

मुळात आपल्याजवळ कागद कोणता आहे ते बघावं. लिव्ह अँड लायसन्स हा राहण्याचा परवाना, त्यामुळे नोटिशीची मुदत त्या करारातलंच कलम ठरवतं. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ जागा सोडायची नाही अशी अट, लिहिलेलं असेल तर त्या काळात नोटीस देऊनही सुटका होत नाही, हेही सही करतानाच वाचायचं असतं. ज्यांच्याकडे काहीच लेखी नाही, दर महिन्याला भाडं देत वर्षानुवर्षं राहतायत, त्यांच्यासाठी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ आहे. राहती जागा किंवा दुकान असेल तर १५ दिवसांची नोटीस, शेती किंवा कारखान्यासाठी जागा घेतली असेल तर सहा महिन्यांची. नोटीस लेखी आणि सहीची हवी. ती पोस्टाने पाठवावी, नाहीतर समोरच्याच्या हातात, किंवा त्याच्या घरी कुटुंबातल्या कुणाकडे अथवा नोकराकडे द्यावी. पूर्वी नोटीस भाड्याचा महिना संपतो त्याच दिवशी संपावी लागे आणि एका दिवसाच्या चुकीवरून दावे अडकत. २००३ च्या दुरुस्तीनंतर मुदत नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. पत्रावर घातलेली किंवा पाकीट पेटीत टाकल्याची तारीख धरत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवस हाताशी ठेवून पाठवावी.

कोकणात खरा घोळ पुढेच होतो. घरपट्टी आजोबांच्या नावे, करार मधल्या काकांच्या सहीचा, भाडं धाकट्याच्या खात्यात आणि नळ गळला तर बघायला येणार वाडीतला तिसराच. मग नोटीस कुणाला? करारावर मालक म्हणून ज्याची सही आहे त्याला, करारात लिहिलेल्या पत्त्यावर. बाकीच्यांना हवी तर प्रत द्या. वाडीतल्या माणसाला तोंडी सांगितलं म्हणजे मालकाला सांगितलं, असं गृहीत धरू नये. करारावर नवरा-बायको दोघांच्या सह्या असतील तर नोटिशीवरही दोघांनी कराव्यात.

मजकूर चार ओळींचा पुरतो. ‘अमुक तारखेच्या करारान्वये तुमच्या अमुक पत्त्यावरील जागेत आम्ही राहतो. करारातील अमुक कलमाप्रमाणे ही एक महिन्याची नोटीस देत असून, अमुक तारखेला जागेचा रिकामा ताबा देऊ. त्या दिवशी आपण किंवा आपला प्रतिनिधी हजर राहून ताबा घ्यावा व डिपॉझिटची रक्कम परत करावी.’ खाली तारीख, सही. का सोडतोय, छप्पर कसं गळतं, हे पुराण यात नको. ते वेगळ्या पत्रात लिहा. सही केलेली एक प्रत स्वतःकडे ठेवा.

पाठवायची कशी, हे तर माझं रोजचं काम होतं. जुन्या करारांत ‘रजिस्टर ए.डी.’ (पोचपावतीसह रजिस्टर पोस्ट) लिहिलेलं असतं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा काउंटरवर पोच हवी असल्याचं स्पष्ट सांगा, पावती जपा आणि तिच्यावरच्या नंबरने पाकीट कधी पोचलं ते बघून त्या पानाचाही प्रिंट काढून ठेवा. घेण्यास नकार, घर बंद, असा शेरा होऊन पाकीट परत आलं तर ते फोडू नका! शेरे-शिक्क्यांसकट बंद पाकीट हाच तुमचा पुरावा. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस घ्यायला नकार दिला म्हणून ती मिळालीच नाही, असं कोर्ट मानत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरही फोटो टाका, बिघडत काहीच नाही, पण जोडीला. निळ्या खुणांच्या भरवशावर राहू नका.

ताब्याच्या दिवशी चावी शेजारी ठेवून जाणं ही आपल्याकडची जुनी सवय. भाच्याचा अर्धा तोटा तिनेच केला. चावी मालकाच्या किंवा त्याने लेखी नेमलेल्या माणसाच्या हातात द्यावी आणि ‘ताबा मिळाला’ अशी दोन ओळींची सही घ्यावी. महावितरणच्या मीटरचा त्या दिवशीचा आकडा त्याच कागदावर लिहावा. उलट, मुदत संपल्यावर जागा अडवून बसणाऱ्यालाही सोय नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे राहत्या जागेच्या परवान्याची मुदत संपूनही ताबा न देणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई भरावी लागते.

मालकांनाही एक सांगायचंय. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हजार रुपये नोंदणी फी (ग्रामीण भागात पाचशे) वाचवायला जाणारे हे विसरतात.

ऑनलाइन करार करून देणाऱ्या आपल्याकडच्या एजंटांना एक विनंती. तुमच्या ठरलेल्या मसुद्यात मालकाचा ई-मेल आणि ‘या ई-मेलवर पाठवलेली नोटीस लेखी नोटीस समजावी’ एवढी ओळ घाला. मालक मुंबईला आणि खोली चिपळूणला, हे आपल्याकडे चालायचंच.

आपला,
एक निवृत्त डाक कर्मचारी, रत्नागिरी
(नाव प्रसिद्ध करू नये.)