धीर देताना शब्द जपा

महोदय,
माझ्या वहिनींना स्तनाचा कर्करोग आहे. दर २१ दिवसांनी केमो असते. भेटायला येणारे मायेनेच येतात, पण कुणी ओळखीतल्या मृत्यूची हकीकत सांगतं, कुणी म्हणतं, "केस किती छान होते हो!" ते गेल्यावर वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.

शेजारच्या काकू मात्र एवढंच म्हणाल्या, "आजचा डबा मी आणते. बरं वाटलं तर संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊ, दमलात तर कट्ट्यावर बसू." त्या दिवशी वहिनी पोटभर जेवल्या.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून सर्दी-खोकला असेल तर कृपया फोनच करा.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर