आंबोलीच्या मावशी आणि दोघा दादांचे आभार

25 मे 2025. त्याच दिवशी मोसमी पाऊस तळकोकणात उतरला, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. आम्ही मुलांना सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी दाखवून आंबोली घाटाने परतत होतो. मे महिन्यात कोण छत्री घेतं? गाडी घाटमाथ्यावर बंद पडली, आणि टपावर बांधलेलं गाठोडं चिंब भिजलं.

त्या गाठोड्यात आईने शिवलेली गोधडी होती. आजीची दोन लुगडी, बाबांचं धोतर आणि हाताने घातलेला बारीक धावदोरा. आजी गेल्यानंतर आईने ती चार महिने शिवली होती.

ज्या दोघा दादांनी धक्का मारून गाडी बाजूला घेतली आणि स्वतः भिजत वर ताडपत्री टाकली, त्यांची नावंही विचारायची राहिली. आणि मावशी, तुम्ही तर सहा अनोळखी माणसांना घरात घेतलंत. मी गोधडी पिळायला लागले तेव्हा तुम्ही हात धरलात, "पिळू नको गो, टाके तुटतील." मग पाणी निथळू दिलंत, चुलीवरच्या दांडीवर पसरलीत, रात्री उठून उलटलीत. लुगड्याचा लाल रंग थोडा धोतरावर उतरलाय, पण टाका एकही तुटला नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. आई तुमच्यासाठी दुपटं शिवते आहे, तुमच्या सुनेचे दिवस भरत आलेत म्हणाला होतात ना. ताडपत्रीही आमच्याकडेच आहे. दोन्ही घेऊन येतो.