पेन्सिलच्या चार वर्तुळांबद्दल

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ओळख ना पाळख, तरी एप्रिलमध्ये तुम्हाला मेल टाकला होता. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात सलग दोन दिवस लाइट नव्हती, डीप फ्रीजर बंद पडला आणि सहा वर्षांचे ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे गोठवून जपलेले बॅक्टेरिया, गेले. एमएस्सीच्या मुलांचं प्रोजेक्ट ज्या जीएफपी प्लाझ्मिडवर (हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक असलेल्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) उभं होतं, तेही त्यातच गेलं. तुमचा पेपर वाचला होता, तेवढ्या ओळखीवर मागितलं. दुसऱ्याच दिवशी तुमचं उत्तर आलं: एमटीएवर (साहित्य देण्याघेण्याच्या करारावर) प्राचार्यांची सही घेऊन पाठवा, मी लगेच टाकते.

आठवड्याने स्पीड पोस्टाने साधं पाकीट आलं. आत फिल्टर पेपरचा तुकडा, त्यावर पेन्सिलने काढलेली चार वर्तुळं. मुलांना वाटलं, पाकीट रिकामंच आलंय. मग तुमची चिठ्ठी वाचली. मराठवाड्याच्या उन्हात जिवंत बॅक्टेरियाचा स्टॅब (नळीतल्या अगारमध्ये टोचलेले बॅक्टेरिया) तग धरेलच असं नाही, कागदावर वाळवलेला डीएनए धरतो, म्हणून कागद. एक वर्तुळ कापून टीई बफरमध्ये भिजवलं, त्यातले 5 मायक्रोलिटर डीएच-5-अल्फा या प्रयोगशाळेतल्या बॅक्टेरियाच्या काँपिटंट (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या) सेल्समध्ये घातले, बर्फावर ठेवून 42 अंशांवर 45 सेकंद हीट शॉक दिला आणि अँपिसिलीन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर पसरलं, तिथे प्लाझ्मिड घेतलेलेच बॅक्टेरिया वाढतात. सकाळी 17 कॉलनी. खोलीत अंधार करून प्लेट यूव्हीखाली धरली, तर सगळ्या हिरव्यागार. गंगाखेडची एक मुलगी कितीतरी वेळ प्लेट हातातून सोडेना.

मॅडम, सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते चिठ्ठीतल्या शेवटच्या दोन ओळींचे. "नकाशात दाखवलेली एक्सबीए-वनची साइट डीएच-5-अल्फातून काढलेल्या प्लाझ्मिडवर कापत नाही. तिथे डॅम मेथिलेशन होतं, डॅम नसलेला स्ट्रेन वापरा." एक्सबीए-वन म्हणजे डीएनए ठराविक जागी कापणारं एन्झाइम, आणि डॅम हे बॅक्टेरियाचं स्वतःचं एन्झाइम त्या जागी मिथाइल गट चिकटवून ते कापणं अडवतं; म्हणून डॅम नसलेला स्ट्रेन, म्हणजे बॅक्टेरियाचा वाण, हवा. पेपरमध्ये हे कुठेच नव्हतं. पूर्वी एका ठिकाणाहून आम्हाला नकाशाविना ट्यूब आली होती, तिच्यापायी तीन महिने आणि एन्झाइमची अख्खी ऑर्डर वाया गेली. आमच्यासारख्या कॉलेजात दुसरी ऑर्डर म्हणजे पुढचं वर्ष. आपल्याला कुठे अडलं होतं, हे अनोळखी माणसाला आपण होऊन सांगणारे फार थोडे भेटलेत.

जीएफपी शिकवताना मी डग्लस प्रॅशर यांचं सांगते. जेलीफिशमधलं हे जनुक त्यांनी क्लोन केलं, 1992 मध्ये प्रसिद्ध केलं आणि मार्टिन चाल्फी व रॉजर त्सिएन यांना देऊनही टाकलं. पुढे 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि ओसामू शिमोमुरा यांना मिळालं. प्रॅशर त्यात नव्हते. यंदापासून फळ्यावर त्यांचं नाव मी सगळ्यात आधी लिहिते.

पावसाळा लागल्यावर तुम्ही डॅम नसलेला स्ट्रेनही पाठवलात, तोही न मागता. सोबत जेलचा (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करून दाखवणाऱ्या थराचा) फोटो जोडलाय. दुसऱ्या लेनमध्ये (उभ्या रांगेत) डीएच-5-अल्फातलं प्लाझ्मिड आहे, एक्सबीए-वन घालूनही न कापलेलं. तिसऱ्यात नव्या स्ट्रेनमधलं, एकच स्वच्छ बँड. तुमच्या वहीत लावून ठेवा. जेल मुलांनीच ओतलं आणि चालवलं, लेनचे आकडेही त्यांच्याच हातचे आहेत.

आपली नम्र,
बायोटेक्नॉलॉजीची एक शिक्षिका, परभणी जिल्हा