ग्रेटनाचा हिशेब आधीच चुकला होता

मा. संपादक,
स. न.

क्रीडा पुरवणीतला स्कॉटलंडच्या ग्रेटना या फुटबॉल क्लबवरचा लेख वाचला. मालक ब्रूक्स माइलसन आजारी पडले म्हणून क्लब बुडाला, असा त्याचा सूर आहे. आजारपण हे निमित्त झाले. हिशेबातली खोट त्याआधीची.

जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव. एअरड्रीओनियन्स क्लब दिवाळखोरीत गेला आणि त्याच्या रिकाम्या जागेवर २००२ मध्ये ग्रेटनाला स्कॉटिश लीगमध्ये प्रवेश मिळाला. माइलसन यांच्या पैशावर २००५, २००६, २००७ अशा सलग तीन बढत्या मिळवत क्लब चौथ्या स्तरावरून थेट स्कॉटलंडच्या सर्वोच्च प्रीमियर लीगमध्ये पोचला. मधल्या वर्षी स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात हार्ट्स क्लबला १-१ असे रोखले आणि पेनल्टींवर हरला. हार्ट्स चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरल्याने यूएफा कप या दुसऱ्या युरोपीय स्पर्धेतली कपविजेत्याची जागाही ग्रेटनाला मिळाली. (तिथे आयर्लंडमधल्या डेरी सिटीने पहिल्याच सामन्यात ५-१ असा धुव्वा उडवला, हे मात्र कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही.)

आता खर्चाकडे पाहा. वरच्या दर्जाचा खेळाडू आडगावी आणायचा तर पगार चढा आणि करार काही वर्षांचा द्यावा लागतो. तिकीटविक्री गावाच्या वस्तीपलीकडे जात नाही. मधली तूट दरमहा मालकाच्या खिशातून भरायची. बढतीने उत्पन्न थोडे वाढते, पगार त्याहून वेगाने वाढतात. म्हणजे संघ जिंकत जातो तसा खड्डा खोल होतो. त्यात मैदानाची भर. प्रीमियर लीगची अट ६,००० आसनांची होती. ग्रेटनाचे स्वतःचे रेडेल पार्क त्यात बसेना, म्हणून ‘घरचे’ सामने शंभराहून अधिक किलोमीटर दूर, मदरवेल क्लबच्या फिर पार्कवर. एप्रिल २००८ मध्ये तिथे इनव्हरनेसविरुद्धच्या सामन्याला ४३१ माणसे आली!

तोवर वर्षाच्या सुरुवातीलाच माइलसन यांचा पैसा थांबला होता. मार्चमध्ये क्लब दिवाळखोरी हाताळणाऱ्या प्रशासकांच्या ताब्यात गेला, १० गुण कापले गेले, लीगच्या पैशावर हंगाम कसाबसा पुरा झाला. उन्हाळ्यात क्लब गुंडाळला, नोव्हेंबरमध्ये माइलसनही गेले.

मालक धडधाकट असला तरी फार फरक पडत नाही. इंग्लंडमधील रश्डन अँड डायमंड्स पाहा. डॉक मार्टेन्स बूट बनवणाऱ्या मॅक्स ग्रिग्ज यांनी १९९२ मध्ये दोन क्लब एकत्र करून तो उभारला आणि २००१ मध्ये फुटबॉल लीगमध्ये नेला. २००५ मध्ये त्यांनी तो रीतसर समर्थकांच्या ट्रस्टकडे सोपवला. पण मोठे मैदान सांभाळण्याचा खर्च दात्याबरोबर निघून जात नाही. २०११ मध्ये आर्थिक दुरवस्थेमुळे कॉन्फरन्सने (फुटबॉल लीगच्या खालच्या स्तरावरच्या स्पर्धेने) क्लबला बाहेर काढले.

म्हणून दाता दारात आला की कागद मागावेत. पैसा देणगी आहे, भागभांडवल आहे की कर्ज? कर्ज असेल तर हात आखडता घेतल्या दिवशी हाच दाता सर्वांत मोठा धनको होऊन बसतो. मैदान क्लबच्या नावावर आहे की मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या? संघ खालच्या स्तरावर घसरला तर पगार आपोआप कमी होतील, असे कलम करारांत आहे का? आणि सर्वांत आधी हे विचारावे: खेळाडूंशी जितक्या वर्षांचे करार केले, तितक्या वर्षांचा पगार क्लबच्या खात्यात आज जमा आहे का?

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक