आगमनकाळातील रोजचे वाचन : प्रार्थना गटासाठी सूचना

प्रिय बंधुभगिनींनो, प्रभूमध्ये सलाम.

१ डिसेंबरपासून आपण लूककृत शुभवर्तमान वाचणार आहोत. अध्याय २४, रोज एक. नाताळच्या आदल्या दिवशी शेवटचा. पहिलाच अध्याय ८० वचनांचा आहे, तेव्हा त्या दिवशी जास्त वेळ हाताशी ठेवा, घाईने उरकू नका. त्या अध्यायातला याजक जखऱ्या मंदिरात धूप जाळायला गेला तो वाट्याला आलेली सेवा करायला, आणि देवदूत त्याला त्या सेवेतच भेटला. दुसऱ्या अध्यायातली वृद्ध संदेष्टी हन्ना रात्रंदिवस उपास व प्रार्थना करत राहिली होती, म्हणून बाळ येशू मंदिरात आला तेव्हा ती तिथेच होती.

डिसेंबरात फराळ, घराची साफसफाई, कॅरल्सच्या फेऱ्या असतातच, आणि तो आनंद हवाच. पण संसाराच्या चिंतांनी अंतःकरण जड होतं, हा २१व्या अध्यायातला इशारा प्रभूने स्वतः दिला आहे. म्हणून आग्रहाची विनंती, वाचन सकाळी मोबाईल हातात घेण्याआधी करा. रात्रपाळीवाल्यांनी कामावरून आल्यावर. लहान मुलं असतील तर रात्री जेवणाआधी सगळे एकत्र बसा आणि दोन-चार वचनं त्यांना मोठ्याने वाचू द्या, अडखळली तरी चालेल.

एखाद्या दिवशीचं वाचन राहिलं तर मागे न जाता, ज्या दिवशी पुन्हा वाचाल त्या दिवसाच्या अध्यायापासूनच पुढे चला. गटावर मनाला भिडलेलं एक वचन टाका, शुभेच्छांची चित्रं नकोत.

ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांना घरी जाऊन वाचून दाखवायला तयार असणाऱ्यांनी रविवारी उपासनेनंतर सेक्रेटरींकडे नाव द्यावं.