शेवटच्या बाकावरून शाळा दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

माझी प्रशासकीय इंटर्नशिप, म्हणजे तुमच्या हाताखाली मुख्याध्यापकाचं काम शिकण्याचा काळ, संपली. निरोप घेताना आभार मानले होते, पण ते घाईत, चारचौघांत. ते नीट, कशाकशाबद्दल हे सांगून मानायचे राहिले होते. उघड पत्र लिहितेय, कारण नव्या मुख्याध्यापकाला तयार करण्याचं काम कुणीतरी अनुभवी मुख्याध्यापक स्वतःचा वेळ मोडून करत असतो आणि ते सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. इंटर्न सोबत असला म्हणून काम हलकं होत नाही. निर्णय तर घ्यायचाच, वर तो का घेतला हेही समजावून सांगायचं. तुम्ही ते दमलेल्या दिवशीसुद्धा केलंत.

तुमच्याकडे आले तेव्हा मी माझ्या वर्गात आणि माझ्या विषयात पक्की होते. तुमच्याबरोबर फिरताना एक गोष्ट हळूहळू अंगात भिनली: शाळेचा बरावाईटपणा ज्या तासांवर ठरतो, त्यातला जवळजवळ एकही तास मुख्याध्यापक स्वतः घेत नसतो. मग त्याने करायचं काय? हे कळावं म्हणून तुम्ही मला एका वर्गाच्या शेवटच्या बाकावर नेऊन बसवलंत.

त्या दिवशी निरीक्षणाचा छापील तक्ता तुम्ही बाजूला ठेवायला लावलात. कोऱ्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला सांगितलीत. डावीकडे शिक्षक काय म्हणतात, करतात ते. उजवीकडे मुलं काय म्हणतात, करतात ते. ‘छान’, ‘प्रभावी’, ‘कमकुवत’ असले शब्द लिहायचे नाहीत. तास संपला तेव्हा डावी बाजू गच्च भरली होती आणि उजवीकडे जेमतेम चार-पाच ओळी होत्या. तुम्ही पान पाहिलंत, काहीच बोलला नाहीत. नंतर त्या शिक्षकांशी बोलतानाही तुम्ही शेरा मारला नाहीत. इतकंच विचारलंत, “खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला आणि लगेच खाली घेतला. तेव्हा वर्गात काय चाललं होतं, आठवतं का?” सर थोडा वेळ गप्प राहिले. मग स्वतःच म्हणाले, “मी प्रश्न विचारून लगेच उत्तर देऊन टाकलं असणार.”

अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हेच मोजून दाखवलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. अभ्यासक्रमात मी हे वाचलं होतं. पण ते एखाद्या शिक्षकाला उपदेश न करता, त्याचं त्यालाच दिसेल असं कसं करायचं, हे पुस्तकात नव्हतं. पुढच्या आठवड्यात सरांनी आपणहून तुम्हाला पुन्हा तासाला बोलावलं. मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन बसावं असं शिक्षकाला वाटणं, ही मी या काळात पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाला तुम्ही उद्घाटनापुरत्या कधीच थांबला नाहीत. वही उघडून गणिताच्या गटात बसायचात आणि अडलं की विचारायचात. शिक्षण-संशोधक विवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेतृत्वावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मुख्याध्यापकाच्या निरनिराळ्या कामांपैकी शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सहभागी होणं, याचाच मुलांच्या शिकण्याशी सर्वांत दाट संबंध त्यांना आढळला. हा निष्कर्ष मी परीक्षेत लिहिला होता. तो माणसात कसा दिसतो, ते तुमच्या वहीत पाहिलं.

वेळापत्रकाबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. शिक्षिका असताना वेळापत्रक म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला हातात पडणारा कागद. तुमच्या टेबलावर मी ते बनताना पाहिलं आणि शाळेला काय महत्त्वाचं वाटतं हे खरं तर त्या चौकटींतच लिहिलेलं असतं, हे दिसलं. वाचनात मागे पडलेल्या मुलांना जादा वेळ द्यायचा म्हणून त्यांचा खेळाचा तास काढू नका, असं तुम्ही ठामपणे सांगितलंत. ज्या मुलाला वर्गात रोज हार खावी लागते त्याला मैदान तरी राहू द्या, म्हणालात. रोजचे बदली तास लावतानाही नाही न म्हणणाऱ्या शिक्षकांवरच भार जात नाही ना, हे तुम्ही आधीची नोंद उघडून बघायचात. न्याय हा शब्द मोठा आहे, पण स्टाफरूममध्ये तो बदली तासांच्या वहीवरूनच तोलला जातो.

पालकांच्या तक्रारी, हजेरीच्या नोंदी, सुरक्षेचे सराव हे सगळं शिकलेच. संतापून आलेल्या वडिलांचं म्हणणं पूर्ण लिहून घेऊन त्यांनाच वाचून दाखवायची तुमची पद्धत मी आता सोडणार नाही. “बरोबर लिहिलंय ना?” असं विचारेपर्यंत त्यांचा आवाज खाली आलेला असायचा.

सगळ्यात जड गेलं ते मात्र नात्यांचं. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, ती मंडळी मी आत आले की विषय बदलू लागली. तुमच्याकडे येऊन मी रडले होते. तुम्ही धीर दिलात, पण खोटा दिला नाहीत. “हे अंतर थोडं राहणारच,” म्हणालात. “स्टाफरूममध्ये जाणं सोडू नका. पण एका शिक्षकाबद्दल दुसऱ्याकडे एक शब्दही बोलू नका. लोक हे बघत असतात.” मी ते पाळलं. इंटर्नशिपच्या अखेरीस एक सहकारी दार लावून माझ्याशी बोलायला बसली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही, आणि का लिहिणार नाही ते तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या सत्रापासून पर्यवेक्षकाची जबाबदारी माझ्याकडे येतेय. एकच विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना आठवड्यातून एक तास एकत्र मोकळा मिळावा, असं वेळापत्रक मी आखतेय. भाषेच्या शिक्षकांचं जमलं आहे, विज्ञानाचं अजून प्रयोगशाळेच्या तासांवर अडतंय. कच्चा आराखडा सोबत पाठवतेय. सवडीने बघा आणि पेन्सिलीने खुणा करून परत पाठवा.

आपली कृतज्ञ,
तुमची इंटर्न