ओजसच्या मुरुमांविषयी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मुलाच्या, ओजसच्या, मुरुमांबद्दल तू सविस्तर लिहिलंस, पण माझं लक्ष अडकलं ते एकाच वाक्यावर. मेडिकलमधून आणलेलं क्रीम लावलं की दोन दिवसांत चेहरा उजळतो आणि बंद केलं की पुन्हा लालबुंद होतो, असं तू लिहितोस. ती ट्यूब आधी हातात घे आणि घटक वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. ते सूज आणि लाली दाबून टाकतं, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. पण महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, उन्हात गेलं की आग होते आणि मुरूम उलट वाढतात. 2018 मध्ये सरकारने ही क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणलं, तरी माझ्याकडे अशी मुलं अजून येतातच, आणि दर वेळी जीव तुटतो. मात्र हे क्रीम बंद केल्यावर काही आठवडे चेहरा भडकतो. मुलं घाबरतात आणि पुन्हा तेच लावतात. म्हणून याच आठवड्यात त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे ने, ट्यूबही सोबत घे.

काकू म्हणतात तो तोंड नीट धुत नाही. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि हेही सांग की मुरूम मळामुळे येत नाहीत. वयात येताना अँड्रोजेन नावाची हॉर्मोन्स वाढतात, तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, मृत पेशींनी रंध्राचं तोंड बुजतं आणि आत जंतू वाढून सूज येते. नाकावरचे काळे ठिपकेसुद्धा मळाचे नसतात, तो रंग मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेतल्याच रंगद्रव्याचा असतो. घासून, लिंबू चोळून, टूथपेस्ट लावून त्वचा फक्त सोलवटते, आणि आपल्या सावळ्या वर्णावर त्याचे काळे डाग मागे राहतात. सौम्य फेसवॉशने दोनदा तोंड धुतलं की पुरे.

औषधं साधीच आहेत. सहसा रात्री अ‍ॅडॅपलीन जेल आणि त्याच्या जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात. जेल नुसतं पुळीवर टेकवायचं नाही. वाटाण्याएवढं घेऊन मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ लावायचं. सुरुवातीला एक दिवसाआड, सोबत मॉइश्चरायझर, कारण पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. इथेच बहुतेक मुलं औषध सोडतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे त्याला आधीच सांगून ठेव. (बेन्झॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो, उशीला पांढरा अभ्रा घाला.) नुसतं अँटिबायोटिक जेल कोणी दिलं तर मात्र प्रश्न विचार, जंतू त्याला दाद देईनासे होतात.

तू त्याचं तिखट-तेलकट बंद केलंस. त्यापेक्षा कोल्ड्रिंक, बिस्किटं, मैदा यांवर लक्ष दे. तो जिमला जातो ना? व्हे प्रोटीन (दुधापासून केलेली प्रोटीन पावडर) घेतो का, तेही विचार; काहींना त्याने मुरूम वाढतात. कपाळावर जास्त असतील तर डोक्याला चोपडलेलं तेल खाली उतरतंय का ते बघ.

मला खरी काळजी खड्ड्यांची आहे. कॉलेजात तुला किती मोठे मुरूम होते, आठवतं? लग्न झालं की जातील, असंच सगळे म्हणायचे. ते गेलेही, पण गालावर खुणा ठेवून गेले. वडिलांना असा त्रास झाला असेल तर मुलालाही होण्याची शक्यता जास्त असते. म्हणून वाट बघत बसू नकोस. हाताला लागणाऱ्या, दुखऱ्या गाठी येत असतील तर डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवतील. नाव ऐकून दचकू नकोस. रक्त तपासून, त्यांच्या देखरेखीखाली ते घेता येतं.

तो फोटोत यायचं टाळतो, क्लासलाही मास्क लावून जातो, हे तू जाता जाता लिहिलंस. ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. घरात त्याच्या चेहऱ्यावरून होणारी थट्टा आजपासून बंद करायला सांग, पाहुण्यांचीसुद्धा. आणि तपासायला नेशील तेव्हा डॉक्टरांशी त्याला एकट्याला बोलू दे.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की तिचा फोटो मला पाठव, रात्री कितीही वाजले तरी चालेल. वहिनींना नमस्कार, ओजसला आशीर्वाद.

तुझा,
विनय